संत ज्ञानेश्वर महाराज आणि श्रीक्षेत्र नेवासे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नेवासे हे प्रवरा नदीच्या तीरी वसलेले प्राचीन गाव होय. येथेच शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, श्रीज्ञानेश्वरी सिद्ध झाली, हे भाविकांना ज्ञात आहेच. मात्र आळंदीच्या माउलींचे पाऊल नेवाशाला का लागले, याचा विचार फारसा केला जात नाही.

माउलींचे वडील विठ्ठलपंत हे पैठणजवळील आपेगावचे कुलकर्णी. त्यांची पत्नी रुक्मिणीबाई आळंदीच्या सिधोपंतांची कन्या. विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. परंतु पत्नी मागे असल्याचे कळताच गुरूंनी त्यांना गृहस्थाश्रमात परत पाठविले. पुढे निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव व मुक्ताबाई ही चार अपत्ये झाली. परंपरेने माउलींचा जन्म शके ११९७ (इ. स. १२७५) मधील मानला जातो.

संन्याशाची मुले म्हणून आळंदीने या कुटुंबास वाळीत टाकले. मुलांच्या मुंजीची वेळ आली तेव्हा धर्मशास्त्रात यास देहान्त प्रायश्चित्तावाचून मार्ग नाही, असा निर्णय विठ्ठलपंतांना ऐकविण्यात आला. मुलांचा मार्ग मोकळा व्हावा, या एकाच आशेने त्या उभयतांनी देहत्याग केला. तरीही मार्ग मोकळा झाला नाही! या प्रसंगाची भरपाई पुढील कोणत्याही यशाने होत नाही, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

पोरक्या झालेल्या भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदाचे शुद्धिपत्र आणण्यास सांगण्यात आले. दक्षिणेतील विद्येचे ते मोठे पीठ. त्या धर्मसभेची व रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा सर्वांस परिचित आहे, म्हणून तिचा विस्तार येथे केलेला नाही. पैठणहून परतीच्या वाटेवर ही भावंडे नेवाशास आली आणि येथे थांबली.

ज्यास मुंज नाकारली, त्यास वेदाध्ययनाचा अधिकारही नाकारला गेला होता. हा अधिकार स्त्रियांना व शूद्रांना तर कधीच नव्हता. वेद त्यांच्याविषयी कृपण आहे, असे माउलींनी ज्ञानेश्वरीत परखडपणे मांडले आहे. ती उणीव गीतेने भरून काढली, अशी त्यांची धारणा होती. आळंदीने वेळीच मुंज लावली असती, तर ज्ञानदेव तेथेच एक विद्वान शास्त्री म्हणून नांदले असते, असे म्हणण्यास जागा आहे. दाराबाहेर उभे राहिल्यामुळे, दाराबाहेर आणखी किती जण उभे आहेत, ते त्यांना दिसले. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने त्यांनी गीतेच्या ७०० श्लोकांवर मराठीत सुमारे ९,००० ओव्या सांगितल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते.

करवीरेश्वराच्या मंदिरातील ज्या खांबास टेकून माउलींनी हे निरूपण केले, असे मानतात, तो ‘पैस’ खांब आजही भाविकांच्या दर्शनास आहे. त्यावरील संस्कृत शिलालेखात देवापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. दात्याच्या त्या दिव्याच्या जागी हा ग्रंथ उभा राहिला, हा योग मोठा सुंदर होय.

लेखनाचे काम सच्चिदानंदबाबांनी केले. ग्रंथाच्या अखेरीस त्यांचे, यादव राजा रामचंद्राचे व गुरुपरंपरेचे नाव येते. वाळीत टाकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव नाही, तक्रारीचा शब्दही नाही. शेवटच्या पसायदानात तर दुष्टांचा नाश न मागता त्यांच्यातील दुष्टपणा जावा, एवढेच मागितले आहे.

शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस माउलींनी समाधी घेतली, ती आळंदीतच. पुढे सुमारे तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली ती संत एकनाथ महाराजांनी. ते पैठणचे.