साल्वादोर दे मादारियागा

साल्वादोर दे मादारियागा इ रोहो (२३ जुलै, १८८६ – १४ डिसेंबर, १९७८) हे स्पॅनिश मुत्सद्दी, इतिहासकार व लेखक होते. राष्ट्रसंघातील निःशस्त्रीकरणविषयक कार्यामुळे ते प्रथम प्रसिद्धीस आले. आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र, जनरल फ्रान्सिस्को फ्रँको यांच्या राजवटीला युरोपीय राष्ट्रांच्या संघटनेत प्रवेश मिळू नये, यासाठी ते झटले. १९६२ साली म्युनिक येथे भरलेली स्पॅनिश विरोधकांची बैठक ही या प्रयत्नांतील सर्वांत महत्त्वाची घटना होय.

पूर्वायुष्य

मादारियागा यांचा जन्म स्पेनच्या वायव्येकडील गालिसियातील आ कोरुन्या या बंदरात झाला. त्यांचे वडील लष्करी अधिकारी होते. १८९८ साली अमेरिकेकडून झालेल्या पराभवाचे मूळ देशाच्या तांत्रिक मागासलेपणात आहे, असे वडिलांचे मत असल्याने त्यांनी मुलाला अभियांत्रिकी शिकण्यासाठी पॅरिसला पाठविले. शिक्षणानंतर मादारियागा यांनी स्पेनमध्ये रेल्वे कंपनीत नोकरी केली; परंतु ओढा लेखनाकडे असल्याने १९१६ साली ते लंडनला जाऊन पत्रकारिता करू लागले. १९२१ मध्ये ते राष्ट्रसंघाच्या सचिवालयात रुजू झाले व पुढील वर्षी निःशस्त्रीकरण विभागाचे प्रमुख झाले. १९२८ ते १९३१ या काळात ते ऑक्सफर्ड विद्यापीठात स्पॅनिशचे प्राध्यापक होते.

१९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर त्यांची अमेरिकेत व नंतर फ्रान्समध्ये राजदूत म्हणून नेमणूक झाली. राष्ट्रसंघातही ते स्पेनचे प्रतिनिधित्व करीत. जपानने मांचुरिया बळकावला तेव्हा राष्ट्रसंघाने स्वतःची सनद पाळावी, असा आग्रह त्यांनी धरला. मोठी राष्ट्रे स्वस्थ बसली असताना एका दुय्यम राष्ट्राच्या प्रतिनिधीने चालविलेल्या या झुंजीमुळे त्यांना मांचुरियाचा डॉन क्विक्झोट हे टोपणनाव मिळाले. आक्रमकाला मिळालेली मूक संमती आंतरराष्ट्रीय संस्थेलाच पोखरते, हा धडा त्यांनी येथे घेतला असावा. त्यांच्या पुढील भूमिकेशी तो जुळतो.

जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच त्यांनी देश सोडला. दोन्ही पक्षांपैकी कोणाचीही बाजू न घेतल्यामुळे ते दोन्हीकडे अप्रिय झाले. डाव्यांच्या रोषाला आणखी एक कारण होते. १९३५ च्या एका ग्रंथात त्यांनी थेट सार्वत्रिक निवडणुकांऐवजी पायरीपायरीने प्रतिनिधी निवडणाऱ्या सेंद्रिय लोकशाहीचा पुरस्कार केला होता, आणि पुढे फ्रँको राजवटीने स्वतःला हेच नाव लावून घेतले.

युरोपीय चळवळ

दुसऱ्या महायुद्धानंतर ते लिबरल इंटरनॅशनल या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. १९४८ च्या हेग परिषदेत त्यांनी सांस्कृतिक समितीचे अध्यक्षपद भूषविले. १९४९ साली पॅरिसमध्ये निर्वासित स्पॅनिश गटांनी युरोपीय चळवळीची स्पॅनिश परिषद स्थापन केली, तिचेही ते अध्यक्ष होते. मार्च १९५१ मध्ये मुंबईत भरलेल्या सांस्कृतिक स्वातंत्र्य परिषदेस ते उपस्थित होते.

या काळात फ्रँको यांचे एकाकीपण हळूहळू संपत होते. १९५२ मध्ये युनेस्कोने स्पेनला सदस्यत्व दिले, १९५३ मध्ये अमेरिकेने लष्करी तळांसाठी करार केला आणि १९५५ मध्ये स्पेन संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला. मादारियागा यांनी आकाशवाणीवरील भाषणांतून व लेखांतून राजवटीवर टीका चालूच ठेवली. या भाषणांचा संग्रह १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. जनरलने आता पायउतार व्हावे, ही मागणी त्याच्या शीर्षकातच होती.

म्युनिक बैठक, १९६२

युरोपीय आर्थिक समुदायाचे दार कोणासाठी उघडावे, याचे उत्तर रोम करारात स्पष्ट नव्हते. कोणतेही युरोपीय राष्ट्र अर्ज करू शकते, एवढेच त्यात म्हटले होते; लोकशाहीची अट नव्हती. जानेवारी १९६२ मध्ये जर्मन समाजवादी नेते विली बिर्केलबाख यांनी युरोपीय संसदीय सभेपुढे मांडलेल्या अहवालात लोकशाही अधिष्ठान नसलेल्या राष्ट्राला प्रवेश देता येणार नाही, असे प्रतिपादन केले. तरीही ९ फेब्रुवारी रोजी परराष्ट्रमंत्री फेर्नांदो मारिया कास्तिएया यांनी स्पेनच्या सहयोगी सदस्यत्वासाठी बोलणी सुरू करण्याची विनंती केली. पुढे पूर्ण सदस्यत्व मिळावे, हा हेतूही त्यांनी लपविला नाही.

युरोपीय चळवळीचे अधिवेशन जूनमध्ये म्युनिकला भरले. तेथे ११८ स्पॅनिश प्रतिनिधी जमले. त्यांपैकी सुमारे ८० स्पेनमधून, तर बाकीचे परदेशांतील निर्वासित होते. त्यांत राजेशाहीवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी, समाजवादी, उदारमतवादी, बास्क व कॅटलान असे सर्व होते. कम्युनिस्ट पक्षाला मात्र प्रतिनिधित्व नव्हते. यादवीपूर्वी कॅथॉलिक उजव्यांचे नेतृत्व करणारे होसे मारिया हिल-रोब्लेस आणि समाजवादी पक्षाचे रोदोल्फो योपिस एकाच ठरावास मान्यता देतील, अशी कल्पना त्यापूर्वी कोणी केली नसती.

आरंभी दोन स्वतंत्र गटांत चर्चा झाली. एका गटाचे अध्यक्ष मादारियागा, तर दुसऱ्याचे हिल-रोब्लेस होते. राजेशाही की प्रजासत्ताक, हा सर्वांत नाजूक प्रश्न ठरावाबाहेर ठेवण्यात आला आणि त्यामुळेच एकमत शक्य झाले. प्रातिनिधिक संस्था, मानवी हक्कांची हमी, प्रादेशिक समुदायांच्या अस्मितेस मान्यता, संपाच्या हक्कासह कामगार संघटनांचे स्वातंत्र्य आणि राजकीय पक्षांना मुभा यांखेरीज स्पेनला युरोपात स्थान नसावे, असे ठरावात नमूद होते. हे परिवर्तन हिंसेविना व्हावे, अशीही त्यात भूमिका होती. समारोपाच्या भाषणात मादारियागा यांनी १९३६ मध्ये सुरू झालेले यादवी युद्ध म्युनिकमध्ये संपल्याचे जाहीर केले.

राजवटीची प्रतिक्रिया तीव्र होती. आस्तुरियासमधील खाणकामगारांच्या संपाने सरकार आधीच हैराण झाले होते. सरकारी वृत्तपत्रांनी बैठकीची संभावना अभद्र कारस्थान अशी केली आणि निवासस्वातंत्र्याचे कलम दोन वर्षांसाठी स्थगित झाले. परतलेल्या कित्येकांपुढे विजनवास किंवा स्थानबद्धता एवढाच पर्याय उरला. हिल-रोब्लेस व दियोनिसियो रिद्रुएहो यांना परदेशी राहावे लागले, तर होआकिन सात्रुस्तेगी, फेर्नांदो आल्वारेस दे मिरांदा आदींना कॅनरी बेटांवर धाडण्यात आले. दडपशाहीने ठरावापेक्षाही प्रभावी काम केले : युरोपभर निषेध उमटला आणि पूर्ण सदस्यत्वाचा विषय बाजूला पडला. १९७० मध्ये स्पेनला केवळ व्यापारी सवलतींचा करार मिळाला.

अखेरची वर्षे

१९७३ मध्ये मादारियागा यांना आखेन शहराचा शार्लमेन पुरस्कार मिळाला. फ्रँको यांच्या मृत्यूनंतर १९७६ च्या वसंतात ते चार दशकांनी मायदेशी आले. १९३६ मध्ये निवड होऊनही रिकामे राहिलेले रॉयल स्पॅनिश अकादमीतील आसन त्यांनी २ मे रोजी स्वीकारले. तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. कोलंबस, एर्नान कोर्तेस व बोलिव्हार यांची त्यांनी लिहिलेली चरित्रेही गाजली आहेत.

निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या सरकारने जुलै १९७७ मध्ये सदस्यत्वासाठी नव्याने अर्ज केला. ६ डिसेंबर, १९७८ रोजी लोकशाही राज्यघटनेस सार्वमताने मंजुरी मिळाली आणि आठच दिवसांनी स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथे मादारियागा यांचे निधन झाले. १ जानेवारी, १९८६ रोजी स्पेन युरोपीय समुदायाचा सदस्य झाला.