फार्गो, गंज आणि शेठ वालचंद

मित्रांनो, फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत ‘करोजन’ नावाचा एक धडा असतो. तो आपण सगळेच पेपरच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि पेपर टाकून बाहेर आलो की विसरतो. मीही विसरलो होतो. तोच धडा मला मागच्या पावसाळ्यात पुन्हा शिकावा लागला, तोसुद्धा बोरीवलीत, आजोबांच्या फार्गो पिकअपच्या पोटाखाली पाठीवर झोपून!

ही फार्गो आजोबांनी सेकंडहँड घेतली होती. आरसी बुकात साल 1954. एक्सरच्या वाडीतली भाजी भरून ते पहाटे दादरच्या मार्केटला जायचे. नंतर वाडी गेली, भाजी गेली, आजोबांचे गुडघे गेले आणि गाडी आमच्या बिल्डिंगच्या मागे जांभळाच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. मांजरं तिच्यात बाळंत व्हायची आणि आम्ही पोरं तिच्या हौद्यात लपाछपी खेळायचो.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. जागा रिकामी करायची होती, म्हणून बाबांनी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डवर बोट दाबलं तर बोट सरळ आत गेलं. त्याने वजनावर भाव सांगितला. आजोबा काहीच बोलले नाहीत, पण त्या रात्री ते जेवलेही नाहीत. मी बाबांकडे दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. शिंपोलीला ओळखीच्या एका मिस्त्रीकाकांची शेड होती, तिथे गाडी टोचन करून नेली.

बॉनेट उघडून आतला मळ खरवडताना एक छोटी पट्टी सापडली. तिच्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि कुर्ला ही नावं होती. मला वाटत होतं फार्गो म्हणजे अस्सल अमेरिकन. मग ही कुर्ल्याची कशी? रात्री घरी येऊन शोधायला बसलो आणि शेठ वालचंद हिराचंद भेटले. गाडीचं काम चालू होतं तेवढे दिवस मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत होतो. दिवसा गंज आणि रात्री वालचंद, असा माझा दिनक्रम झाला होता.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घराणं गुजराती दिगंबर जैन, मूळ सौराष्ट्रातलं वांकानेरचं, पण सोलापुरात रुजलेलं. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली, काकूने वाढवलं. मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. (केटीवाल्यांनी हे वाक्य घरी दाखवू नये. पुढचं आयुष्यही दाखवावं लागेल!)

पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचा जीव रमेना. त्याच सुमारास लक्ष्मणराव फाटक नावाचे गृहस्थ भेटले. ते रेल्वेत कारकून होते आणि नोकरी सोडून ठेकेदारी करू पाहत होते. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभं करायची ऐपत होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या फाट्याचं काम घेतलं. ही अडीच फुटी नॅरोगेज रेल्वे आपल्यातल्या सोलापूरकरांना आजी-आजोबांकडून ऐकून माहीत असेल. सावकाराच्या मुलाने खडी आणि स्लीपरच्या धंद्यात पडावं हे घरच्यांना फारसं रुचण्यासारखं नव्हतं. पण ते पडले आणि टिकले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करासाठी बराकी बांधल्या. पुढे टाटांच्या भागीदारीतल्या बांधकाम कंपनीतून भोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम केलं आणि तानसा तलावाचं पाणी मुंबईत आणणाऱ्या नळांचंही. पुण्याला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यात आपण नेहमी ओरडतो. यापुढे ओरडताना त्यांची आठवण ठेवा. 1926 मध्ये त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली.

इकडे आमच्या शेडमध्ये पहिला आठवडा नुसता खरवडण्यात गेला. गंज म्हणजे काय, तर ओल्या पत्र्यावर तयार झालेली एक छोटी बॅटरी. पत्र्याचा एक भाग अ‍ॅनोड होतो, तिथलं लोखंड विरघळतं. शेजारचा भाग कॅथोड होतो, तिथे हवेतला ऑक्सिजन आपलं काम करतो. मध्ये पाण्याचा थेंब असला की झालं. आमच्या बोरीवलीत चार महिने पाऊस आणि वर्षभर गोराईच्या खाडीचा वारा. वाऱ्यातल्या मिठाने पाण्याची वाहकता वाढते आणि बॅटरी जोरात चालते. त्यात गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो फुगतो, सांधा उघडतो आणि अजून पाणी आत जातं. आमच्या गाडीच्या केबिनचे खालचे कोपरे, फुटबोर्ड आणि दरवाजांचे तळ सगळ्यात जास्त खाल्ले होते. दरवाजाच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती जांभळाच्या पानांनी बुजली होती. एवढ्याशा पानांनी अख्खा दरवाजा खाल्ला!

आता जहाजांकडे वळू. 1919 साली दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या प्रवासात वालचंदांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला आहे. युद्धात ते हॉस्पिटल-जहाज म्हणून वापरलं होतं. त्यांना तेव्हा जहाजधंद्याची फारशी माहिती नव्हती. तरी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी ते घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आज 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो यामुळेच.

पण खरी लढाई नंतर होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. नवी देशी कंपनी आली की भाडं इतकं खाली आणायचं की ती बुडालीच पाहिजे, हा त्यांचा नेहमीचा डाव. सिंदियावरही तो टाकला. कंपनी विकत घ्यायचीही तयारी दाखवली. सिंदियाने विकायला नकार दिला. शेवटी 1923 मध्ये तडजोड करावी लागली. किनाऱ्यावर धंदा करता आला, पण किती करायचा आणि कुठे करायचा यावर बंधनं आली. वालचंदांना ती बोचत होती आणि ती मोडायला त्यांनी पुढची कित्येक वर्षं घालवली. पहिली ‘लॉयल्टी’ काही वर्षांतच भंगारात गेली, कंपनी मात्र राहिली. हे वाचलं तेव्हा मला आमचा भंगारवाला आठवला.

साखरेचं थोडक्यात सांगतो. नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं कळंब इथल्या माळरानावर त्यांनी ऊस आणि कारखाने उभे केले. रावळगावच्या गोळ्या आपण सगळ्यांनी चघळल्या आहेत. कळंबचं पुढे वालचंदनगर झालं. तिथल्या कारखान्याने पुढे इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवले.

विमानाची गोष्टही प्रवासातच सुरू झाली. 1939 मध्ये विमानातून जाताना त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. हा चीनमध्ये विमानं जुळवण्याचा कारखाना चालवत होता. गप्पांतून योजना ठरली. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिलं आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. आजचं एचएएल ते हेच. 21 जून 1941 ला विशाखापट्टणमला त्यांच्या जहाज कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. एका माणसाने सहा महिन्यांच्या अंतराने विमान आणि जहाज असे दोन कारखाने सुरू केले. आपल्याला दोन सबमिशनं एका महिन्यात झेपत नाहीत!

मोटारीचं मात्र लवकर जमलं नाही. हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना हवा हे विश्वेश्वरय्यांनी 1930 च्या दशकात योजना करून मांडलं होतं आणि वालचंद त्या प्रयत्नात होते. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी पक्की केली. पण युद्धकाळात परकीय चलन आणि यंत्रं मिळवायला सरकारचा पाठिंबा लागायचा आणि तो मिळेना. मोटारी बनवणं युद्धासाठी गरजेचं नाही असं सरकारचं म्हणणं. ट्रकवर ट्रक बाहेरून येत होते आणि इथे बनवायला मात्र परवानगी नाही! 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ आणि ट्रकमध्ये आमची फार्गो. सुरुवातीला बाहेरून आलेले भाग जुळवणं जास्त होतं, मग हळूहळू इथे बनवणं वाढलं. पुढे फियाट आली, तिची पद्मिनी झाली. मुंबईची काळीपिवळी म्हणून ती 2023 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत धावली.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो. कॉलेज फेस्टमध्ये जुन्या गाड्यांचा स्टॉल लागणार होता आणि मी मोठ्या तोऱ्यात फार्गोचं नाव दिलं होतं. दिवस कमी उरले होते. चासीच्या एका पट्टीला, मागच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ, गंजाने खोल खड्डे पडले होते. काका दोन दिवस गावी गेले होते. मी वरवर ब्रश मारला, पुट्टी भरली, घासली आणि वर काळा रंग मारला. नवी कोरी दिसायला लागली! काका परत आले, त्यांनी नुसतं पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हरने टोचलं. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, की या पट्टीवर भार घेऊन गाडी चालवायला तू आजोबांना बसवशील का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी वालचंदांच्या आयुष्याचा शेवटचा भाग वाचला. विमानाचा कारखाना सरकारने 1942 मध्ये ताब्यात घेतला. जहाज कारखान्यात बांधलेलं पहिलं जहाज ‘जलउषा’ 14 मार्च 1948 ला नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं, पण कारखाना चालवण्याचा खर्च खाजगी कंपनीला पेलेना आणि 1952 मध्ये त्यातला मोठा हिस्सा सरकारकडे गेला. स्वतः वालचंदांना 1949 मध्ये पक्षाघाताचा झटका आला. 1950 मध्ये ते धंद्यातून बाजूला झाले आणि 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.  म्हणजे त्यांनी जे उभं केलं त्यातलं बरंचसं त्यांच्या डोळ्यांदेखत हातातून गेलं होतं. पण विमानं आणि जहाजं बनत राहिली, कारण पायात पुट्टी भरलेली नव्हती. ते सगळ्या बाबतींत बरोबरच होते असं मी म्हणणार नाही. ज्या सरकारशी भांडायचे त्याच सरकारचे ठेकेही ते घ्यायचे. पण कामात घाई करून वरून रंग फासला, असं मला कुठे दिसलं नाही.

सकाळी मी फेस्टच्या कमिटीला फोन करून नाव मागे घेतलं. मित्रांनी आठवडाभर चेष्टा केली. ती सहन केली.

मग काम पहिल्यापासून केलं. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेली, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या कुठेही उडतात. पुट्टी खरवडून काढली. जिथे चकचकीत, ठोस लोखंड लागतं तिथपर्यंत गंजलेला भाग कापला. चासीला तिच्याच जाडीची प्लेट काकांनी स्वतः जोडली, ते काम त्यांनी मला करू दिलं नाही. केबिनच्या फ्लोअरचं मला दिलं. तिथे 18 गेजचा पत्रा वापरला. सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने पातळ पत्रा वाकतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं. जिथे नुसता वरवरचा गंज होता तिथे फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं. त्यावर झिंकचा प्रायमर आणि मग रंग. झिंक लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणजे आपण मुद्दाम दुसरा अ‍ॅनोड पुरवतो. हा प्रश्न मला फर्स्ट इयरच्या व्हायवात आला नव्हता. आता कधीही विचारा! बंद पोकळ्यांत मेण फवारलं आणि दरवाजांची भोकं तारेने मोकळी केली.

दोन महिन्यांचे पाच झाले. बाबा तोपर्यंत भंगारवाल्याला विसरले होते आणि रविवारी स्वतः पॉलिश पेपर घेऊन येऊ लागले होते. गाडीचे कागद अजून व्हायचे आहेत, त्यामुळे रस्त्यावर काढलेली नाही. पण सहा सिलिंडरचं इंजिन चालू झालं त्या दिवशी आजोबांना शेडवर नेलं. दोघांनी हात धरून त्यांना सीटवर बसवलं. त्यांनी शेडच्या आवारात गाडी दहा-बारा फूट पुढे घेतली, तेवढीच मागे. मग इंजिन बंद करून बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मी मागच्या स्प्रिंगजवळ वाकून पाहत होतो. पट्टी हलली नाही.

मित्रांनो, सांगलीचं वालचंद कॉलेज आपल्या सगळ्यांना कॅप राउंडच्या यादीतून माहीत असतं. 1955 मध्ये त्या कॉलेजाला हे नाव मिळालं. यादीत पुन्हा कधी ते नाव दिसलं तर क्षणभर थांबा. आणि घराच्या मागे एखादी जुनी गाडी उभी असेल, तर या पावसाळ्याआधी तिच्या दरवाजांच्या भोकांतली पानं तेवढी काढून टाका!