न रागावता शिस्त लावणारा मास्तर: साने गुरुजींची अंमळनेरची सहा वर्षं

साने गुरुजी म्हटलं की आपल्याला आधी 'श्यामची आई' आठवते. पुस्तक वाचलं नसेल तरी आचार्य अत्र्यांचा सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण हे पुस्तक लिहिण्याच्या कितीतरी आधी गुरुजी खानदेशातल्या एका शाळेत मास्तर होते. मुलांना चांगल्या सवयी कशा लावायच्या, हा आज घराघरात पडणारा प्रश्न तेव्हा त्यांच्यासमोरही होता. त्यांनी काढलेला मार्ग त्या काळात जगावेगळाच होता.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणं खोताचं, पण वैभव ओसरलेलं आणि डोक्यावर कर्ज. आई यशोदाबाईंनी मात्र मुलाच्या वळणाकडे दुर्लक्ष होऊ दिलं नाही. 'श्यामची आई'मधला एक प्रसंग तुम्हाला आठवत असेल. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून छोटा श्याम हट्ट धरतो. आई आपलं लुगडं दगडावर पसरते आणि त्याला त्यावर पाय ठेवू देते. पायांना जसं जपतोस तसं मनालाही घाण लागू देऊ नकोस, हे ती नंतर सांगते.

इथे क्रम लक्षात घ्या. आईने आधी मुलाचं ऐकलं, त्याच्यासाठी स्वतःचं लुगडं ओलं केलं आणि मग दोन शब्द सांगितले. पुढे मास्तर झाल्यावर गुरुजींनी नेमका हाच क्रम पाळला.

शिक्षण आणि अंमळनेर

पालगड, दापोली, औंध आणि पुणे असं त्यांचं शिक्षण झालं. औंधला परक्या गावात पोटाचीही आबाळ झाली. १९१७ मध्ये आई गेली. तरीही शिक्षण सुटलं नाही. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. काही काळाने शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

वसतिगृह म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. घर पहिल्यांदाच सुटलेलं, लक्ष ठेवायला आई नाही. अंथरूण तसंच पडलेलं, कपडे इकडेतिकडे, कंदिलाची काच काजळीने काळी. त्या काळात यावर एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे छडी. छडी लागल्याशिवाय विद्या येत नाही, असं पालकही मानत होते.

गुरुजींनी छडी उचलली नाही, केरसुणी उचलली. मुलं नसताना ते खोल्या झाडायचे, पसरलेलं सामान जागेवर ठेवायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे, मळके कपडे धुवायचे. मुलं परत येऊन बघतात तो खोली लख्ख! हे कोणी केलं ते कळायला वेळ लागत नसे. त्यावर गुरुजी ना रागावायचे, ना उपकार बोलून दाखवायचे.

आता तुम्ही म्हणाल, अशाने मुलं सोकावणार नाहीत का? मास्तर करतायत, आपण कशाला हात लावा? हा धोका खराच होता. दोन दिवस करून गुरुजी थांबले असते तर तसंच झालं असतं. पण ते थांबले नाहीत. आपल्या खरकट्या-मळक्या गोष्टींना रोज गुरुजींचे हात लागतात, हे मुलांना हळूहळू सहन होईना. मग गुरुजी यायच्या आत खोली झाडून व्हायला लागली. शिक्षेच्या भीतीने लावलेली सवय पाठ फिरली की सुटते. ही मात्र माणसावरच्या मायेतून लागली होती, म्हणून कोणी बघत नसतानाही टिकली.

या सगळ्यामागे एक विश्वास होता. मूल मुळात वाईट नसतं, त्याच्यातलं चांगलं वर यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ थांबणं हे शिक्षकाचं काम आहे, असं ते मानत. मुलगा आजारी पडला तर गुरुजी उशाशी बसून शुश्रूषा करत. गरीब मुलांना स्वतःच्या पगारातून मदत करत.

रोजचं हाताने लिहिलेलं दैनिक

स्वतःलाही त्यांनी एक कडक सवय लावून घेतली होती. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या अक्षरात एक दैनिक लिहून काढायचे. मुलं तिथे येऊन ते वाचायची. वाचा, वाचा असा धोशा न लावताही वाचनाची गोडी लागली. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं मासिकही काढलं.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. रोज लिहायची ती सवय तुरुंगात कामी आली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर प्रवचनं देत, ती गुरुजींनी भराभर लिहून घेतली. आज आपण वाचतो ते 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातूनच तयार झालं. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. दिवस पाच लागले, पण हात त्याआधी कित्येक वर्षं चालत होता.

मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुलं व्हावं, म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवायचा प्रयत्न केला होता. पद्धत तीच राहिली: आधी स्वतः झिजायचं, मग समोरच्याच्या चांगुलपणावर विश्वास ठेवायचा. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं.

इतक्यांना धीर देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या मनात मात्र शेवटी निराशा दाटली. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपलं जीवन संपवलं. महाराष्ट्राला ती चुटपुट आजही आहे. दुसऱ्यांची काळजी घेणाऱ्यालाही कोणीतरी विचारपूस करणारं लागतं, एवढं तरी आपण त्यातून शिकायला हवं.

आज आपल्या घरातही तोच प्रश्न आहे, फक्त कंदिलाच्या जागी मोबाईल आलाय. मुलांनी वाचावं असं वाटत असेल तर घरात कोणीतरी रोज पुस्तक उघडून बसलेलं त्यांना दिसायला हवं. आठवडाभरात फरक पडणार नाही. पडला नाही म्हणून आवाज चढवायचा नाही आणि आपलं वाचणंही सोडायचं नाही. अंमळनेरच्या मुलांनासुद्धा केरसुणी हातात घ्यायला वेळ लागलाच होता.