वाल्डेमार हाफकिन

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत राहणारा विद्यार्थी ठाणे स्थानकावर मुंबईच्या धिम्या गाडीत बसला, तर तासाभराच्या आत परळला उतरतो. तेथे एक जुनी, भव्य वास्तू उभी आहे. एके काळी ती मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. आज तिला हाफकिन संस्था म्हणतात. ज्या पुरुषाचे नाव या संस्थेला दिले आहे, तो या देशात जन्मला नव्हता, आणि तो वैद्यही नव्हता. तरीही महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे त्याची ऋणी आहेत.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते प्राणिशास्त्र शिकले. ज्यू वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा स्वजनांच्या रक्षणासाठी ते पुढे सरसावले व त्यापायी त्यांना अटक झाली. पुढे धर्म बदलला तर विद्यापीठात जागा मिळेल, असे त्यांना सुचविण्यात आले. हाफकिन यांनी जागेवर पाणी सोडले, धर्म सोडला नाही.

१८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. जिनीव्हा येथे काही काळ काढून ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथे रिकामी जागा होती ती केवळ ग्रंथपालाची. हाफकिन यांनी तीही आनंदाने पत्करली. ग्रंथालयाचे काम सांभाळून उरलेल्या वेळी ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत.

साचलेल्या पाण्याच्या थेंबात पॅरामीशियम नावाचा एक एकपेशीय जीव असतो. त्याचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी. इतक्या इवल्याशा जीवालाही रोग होतो, हे हाफकिन यांनी बारकाईने पाहिले. त्याच्या पेशीच्या मध्यभागी जे केंद्रक असते, त्यातच त्याहून सूक्ष्म असे परोपजीवी जंतू ठाण मांडून वाढत होते. १८९० मध्ये हाफकिन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एका पेशीच्या घरात दुसरा एकपेशीय पाहुणा शिरतो, तिच्याच अन्नावर पोसतो आणि आपली संख्या वाढवितो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

मुलांनो, ही संख्या वाढते कशी, हे नीट समजून घ्या. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक अतिसूक्ष्म द्रव्याचा धागा असतो. त्या धाग्यात त्या जीवाच्या घडणीची सारी माहिती साठविलेली असते. त्याची रचना १९५३ मध्ये उलगडली. म्हणजे हाफकिन यांना ती ठाऊक असणे शक्य नव्हते. हा धागा म्हणजे पीळ दिलेला दोन पदरांचा दोर समजा. दोन्ही पदरांवर चार प्रकारचे मणी ओवलेले आहेत, आणि ठरावीक मण्यासमोर ठरावीक मणीच बसतो. जंतूची विभागणी होण्यापूर्वी हा दोर उकलत जातो. सुट्या झालेल्या प्रत्येक पदरासमोर जुळणारे नवे मणी एकामागून एक बसत जातात, आणि एका दोराचे दोन दोर होतात. मग जंतू दुभंगतो व दोघांच्या वाट्याला एकेक दोर येतो. अशा रीतीने एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ होत जातात. दहा विभागण्यांनंतर एका जंतूचे १,०२४ होतात, आणि वीस विभागण्यांनंतर दहा लाखांहून अधिक! जंतूचे सामर्थ्य त्याच्या आकारात नसून या दुपटीत असते.

पॅरिस येथे हाफकिन यांनी पटकीवर लस तयार केली. ती दुसऱ्या कोणाला देण्यापूर्वी, १८ जुलै १८९२ रोजी, त्यांनी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि ठिकठिकाणी हिंडून त्यांनी हजारो लोकांना ती लस दिली.

इतक्यात मुंबईवर मोठे अरिष्ट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. घरांतून उंदीर मरून पडू लागले आणि त्यांच्यामागोमाग माणसे. चाळीच्या चाळी ओस पडल्या. लोक मिळेल त्या वाटेने शहर सोडून जाऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पसरला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी आपला देह ठेवला.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली व एक व्हरांडा एवढीच जागा मिळाली. कामाचा ताण असा होता, की मदतनिसांपैकी काही जण काम सोडून गेले. हाफकिन मात्र अहोरात्र राबत राहिले. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यात ते प्लेगचे जंतू वाढवीत. वडाच्या पारंब्या लोंबाव्यात तशी जंतूंची वाढ त्या थेंबांखाली लोंबू लागे. ती पुरेशी झाली, की सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअस उष्णता देऊन ते जंतूंना मारीत. मेलेल्या जंतूची दुपटीची किमया संपलेली असते. पण त्याची ओळख शिल्लक राहते. ती ओळख पटली, की आपले शरीर आधीच शस्त्रे परजून सज्ज होते. मग खरा शत्रू आला, तरी त्याची सेना वाढण्यापूर्वीच त्याला गाठता येते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही नवी लसही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप भरला, अंग ठणकले. पण ते सुखरूप राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना त्यांनी लस दिली. लस न घेतलेल्या कैद्यांच्या मानाने त्यांच्यात रोग फारच कमी दिसला. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेऊन लोकांची भीती घालविण्यास हातभार लावला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या वास्तूत आली.

परंतु यशाच्या शिखरावर असतानाच त्यांच्यावर संकट आले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस घेतलेल्या १९ माणसांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना आपल्या कामापासून दूर व्हावे लागले. प्लेगच्या जंतूंना ज्याने नमविले, त्याच्यावर लोकांचे प्राण घेतल्याचा ठपका आला. पुढे पुराव्याची छाननी झाली, तेव्हा निराळीच गोष्ट उघड झाली. गावात बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट जंतुरहित न करताच वापरला गेला होता. मातीतील धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरावयास एवढे निमित्त पुरेसे होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जगापुढे मांडली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले.

ते पुन्हा भारतात आले, पण मुंबईची जागा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यास त्यांनी काही वर्षे काम केले. अन्याय करणाऱ्यांशी भांडत बसण्यापेक्षा त्यांना आपले काम अधिक प्रिय होते. निवृत्त झाल्यावर ते युरोपात राहिले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज प्लेग झालेल्या रोग्यास प्रतिजैविके देतात. त्यांतील काही औषधे जंतूच्या डीएनएची प्रत निघण्याचे कामच बंद पाडतात. त्यामुळे एकाचे दोन होणे थांबते आणि रोग हटतो. ज्या दुपटीला आवर घालण्यासाठी हाफकिन एका खोलीत व एका व्हरांड्यात रात्रंदिवस झटले, तिचे मर्म आता आपल्या हाती आले आहे. परळच्या त्या वास्तूसमोरून जाताना या सत्यनिष्ठ पुरुषाचे स्मरण अवश्य करावे.