डॉक्टर हेपबर्न आणि जपानी क्रियापदे

परक्या भाषेतील वस्तूंची नावे लवकर पाठ होतात. क्रियापदे मात्र वर्षानुवर्षे फसवितात. ज्या सत्पुरुषाने जपानी भाषेत ही अडचण धीराने सोसली, त्याचे चरित्र येथे थोडक्यात देतो.

डॉक्टर जेम्स कर्टिस हेपबर्न ह्यांचा जन्म १८१५ साली अमेरिकेतील मिल्टन गावी झाला. वैद्यकीची पदवी घेतल्यावर त्यांनी सिंगापूर व चीन येथे सेवा केली. परंतु आजारपणामुळे त्यांस परतावे लागले. पुढे न्यूयॉर्क शहरात त्यांचा चांगला जम बसला, पण तेथेच त्यांची तीन मुले दगावली. १८५९ साली, उरलेल्या एका मुलास मायदेशी ठेवून, ते पत्नीसह जपानात कानागावा येथे उतरले.

त्या काळी तेथे ख्रिस्ती धर्मास सक्त बंदी होती. म्हणून साहेब रोग्यांस विनामूल्य औषध देत व भाषा शिकत. १८६१ साली उघडलेला त्यांचा दवाखाना सरकारने काही महिन्यांतच बंद करविला, तरी ते खचले नाहीत. आधारास ग्रंथ थोडे : १६०३ सालचा जेसुइटांचा जपानी-पोर्तुगीज कोश व १८३० साली बटाविया येथे छापलेला मेडहर्स्ट साहेबांचा लहान शब्दसंग्रह. मुख्य भरवसा माणसांच्या बोलण्यावरच ठेवावा लागला.

आपण धोतर नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो. इंग्रजीत तिहींस एकच शब्द चालतो. जपानी भाषाही अशीच काटेकोर आहे. अंगात घालणे ते ‘किरु’, पायांत घालणे ते ‘हाकु’, डोक्यावर घालणे ते ‘काबुरु’. मी दुसऱ्यास देतो तेव्हा ‘यारु’, दुसरा मला देतो तेव्हा ‘कुरेरु’. ठाऊक होणे ते ‘शिरु’, उमगणे ते ‘वाकारु’. इंग्रजी अर्थ पाहून शब्द उचलणारा येथे हटकून चुकतो. कोण, कोणास, कोणत्या प्रसंगी बोलतो हे ऐकूनच निवड करावी लागते.

डोळ्यांच्या उपचारासाठी आलेले किशिदा गिंको ह्यांनी कोशाच्या कामी मोठे साहाय्य केले. सुमारे वीस हजार जपानी शब्दांचा तो कोश १८६७ साली शांघाय येथे छापून निघाला. १८७२ व १८८६ साली त्याच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या निघाल्या. त्याच श्रमांच्या पायावर, इतर भाषांतरकारांसह, १८८० साली जपानी नवा करार प्रसिद्ध झाला व १८८७ साली जुना करार पुरा झाला. १८९२ साली साहेब मायदेशी परतले व १९११ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, प्रभूमध्ये निजले.

उपदेशक बंधूंनो, मंडळीस वचन ठाऊक झाले एवढ्याने आपले काम संपत नाही. ते तिला उमगले पाहिजे. हा भेद ज्याने रोग्यांच्या उशाशी बसून ओळखला, त्याचे उदाहरण आपण विसरू नये.