शिफारसपत्राचं वजन

परवा आमच्या वस्तीतली एक मुलगी अर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे आली. एका दुकानात हिशेबाची नोकरी होती आणि सोबत शिफारसपत्र मागितलं होतं. घरात कोणी शिकलेलं नाही, मोठी ओळख नाही. मी तरी तिला कुठे नीट ओळखत होते? न बघता चार गोड ओळी लिहिणं मनाला पटेना, नाही म्हणणंही जड जाईना का! तेव्हा मला आठवले गणिती श्रीनिवास रामानुजन.

१८८७ साली इरोडला जन्मलेला हा मुलगा कुंभकोणमला वाढला. वडील कापडाच्या दुकानात कारकून. गणितापुढे बाकीचे विषय सुचेनात, त्यापायी शिष्यवृत्ती गेली. १९०७ मध्ये एफ.ए.ची परीक्षाही नापास. १९०९ मध्ये जानकीशी लग्न झालं. म्हणजे पदवी नाही, पैसा नाही आणि वर संसार! हाताशी होत्या फक्त गणिताच्या वह्या.

त्या वह्या घेऊन १९१० मध्ये ते डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर यांच्याकडे कारकुनी मागायला गेले. अय्यर स्वतः गणितातले. वह्या चाळल्यावर त्यांना वाटलं, कारकुनीत हा मुलगा वाया जाईल. त्यांनी मद्रासच्या गणितवाल्या मित्रांना ओळखपत्रं लिहून दिली. त्यातूनच पुढे नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव भेटले. त्यांना आधी शंकाच होती, पण खात्री पटल्यावर ते दरमहा २५ रुपये देऊ लागले. तरी दुसऱ्याच्या पैशावर किती दिवस जगायचं?

९ फेब्रुवारी १९१२ रोजी रामानुजननी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये अर्ज केला. शिक्षण अर्धवट राहिल्याचं लपवलं नाही. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र होतं. आकडेमोडीत हा तरुण फार तरबेज आहे, असा त्यात निर्वाळा होता. कारकुनाला हवं तेच नेमकं! १ मार्चपासून ३० रुपयांवर नोकरी लागली. तिथूनच १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र पाठवलं. १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९२० मध्ये अवघ्या ३२व्या वर्षी गेले.

मैत्रिणींनो, पत्रांनी दारं उघडली खरी, पण त्या पत्रांमागे वह्या होत्या ना!

मी त्या मुलीला विचारलं, तुझी वही कुठे आहे? ती गोंधळली. मग कळलं, आईच्या बचत गटाचा हिशेब दोन वर्षं तीच लिहितेय. संध्याकाळी ती वही घेऊन आली. मी पानन् पान तपासलं. एका ठिकाणी बेरीज चुकली होती, तीही तिनेच पुढे दुरुस्त केली होती.

मग मात्र मी पत्र लिहिलं. फक्त जे पाहिलं तेवढंच. चुकलेली आणि दुरुस्त केलेली बेरीजसुद्धा!