गणिताचे अध्यापक कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव निघाले की पुनर्विवाह, हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ आठवते. त्यांचा चरितार्थ मात्र सुमारे तीस वर्षे गणित शिकविण्यावर चालला, याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. आमच्या मते त्यांच्या कार्याचे मूळ तेथेही शोधावयास हवे.

१८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे जन्मलेला आणि दापोलीजवळच्या मुरूड गावी वाढलेला हा मुलगा १८७५ साली परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्यास गेला. शंभराहून अधिक मैलांची ती वाटचाल. तेथे अधिकाऱ्यांनी त्याची किरकोळ चण पाहूनच वय कमी ठरविले आणि त्याला परीक्षेस बसू दिले नाही. बुद्धीची पारख होण्यापूर्वीच दार बंद होणे म्हणजे काय, हे कर्व्यांना असे कळले. मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली ते मॅट्रिक झाले, आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन १८८४ साली पदवीधर.

त्यानंतर मुंबईतील शाळांतून व खाजगी शिकवण्यांतून त्यांनी गणित शिकविले. त्यांत मुलींच्या इंग्रजी शाळाही होत्या. तेथील मुली वर्गात गणिते सोडवीत असता, आपल्या उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांत त्याच वयाच्या विधवा केशवपन करून माजघराच्या काळोखात बसविल्या जात. हा विरोध कर्व्यांच्या नजरेतून सुटला नसावा, असे आम्हांस वाटते. आपला मामेभाऊ रघुनाथ परांजपे याला त्यांनी मुंबईस आणून शिकविले; तो १८९९ साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला. कोकणातल्या खेड्यात अशी बुद्धी असते, तर ती केवळ मुलग्यांनाच वाटून दिलेली असेल काय?

१८९१ साली गोखल्यांच्या आमंत्रणावरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी, विधवा गोदूबाई यांच्याशी विवाह केला आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० साली तो हिंगण्यास गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवावयाचे आणि मग सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याची वाट धरावयाची, हा त्यांचा क्रम होता. गोदूबाईंच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले प्रौढ वयात शिकल्या आणि याच आश्रमाचा आधारस्तंभ झाल्या.

१९१६ साली जपानच्या महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून त्यांनी आपले विद्यापीठ स्थापिले. माध्यम मातृभाषा ठेवले, हे त्यांचे मोठेच धोरण. गणितासारखा विषय परक्या भाषेतून शिकताना पोर भाषेशी झगडते आणि नापास मात्र गणितात ठरते. परंतु स्त्रियांसाठी निराळा, गृहशास्त्राकडे झुकणारा अभ्यासक्रम आखण्यात कर्व्यांनी काळाशी तडजोड केली, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू. स्त्रीला वेगळी फूटपट्टी लावली की तिची उंचीही वेगळीच मोजली जाते. तरीही, ज्यांना दुसरे कोणतेच दार उघडे नव्हते त्यांच्यासाठी हे दार होते, हेही नाकारता येत नाही.

वृद्धपणीही ते थांबले नाहीत. १९३६ साली खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, १९४४ साली समता संघ स्थापिला. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.